मुलाची अब्रू आपल्या हातात असते

तुझी नेमणूक धडगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, हे दादानं कळवलं. फार बरं वाटलं. फोनवर तू एकच विचारलंस, "आत्या, मुलांना मी आवडेन ना गं?" त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेतल्या थोरल्या गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, वर्गात मुलाची अब्रू जाऊ देऊ नका. एवढं सांभाळलंत तर मुलं तुमचं सगळं ऐकतील." पुढे अनेक प्रशिक्षणं झाली, किती परिपत्रकं आली नि गेली, पण याहून उपयोगाचं मला कुणी काही सांगितलं नाही. तेच तुला देते.

सात वर्षांच्या मुलालाही अब्रू असते, हे मोठी माणसं सहज विसरतात. आपल्या दृष्टीनं ते किरकोळ बोलणं असतं. त्याच्या दृष्टीनं सगळा वर्ग बघत असतो, आणि मधल्या सुट्टीत त्याच वर्गासोबत त्याला खेळायचं असतं. मुलांना आवडणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले. कुणी गोष्टी सांगण्यात पटाईत, कुणी अबोल, कुणी चांगले कडक. स्वभाव एकाचा दुसऱ्यासारखा नव्हता. एक गोष्ट मात्र सगळ्यांकडे होती. त्यांच्या वर्गात कुठल्याही मुलाला आपलं हसं होईल अशी धास्ती नव्हती.

सुरुवात नावांपासून कर. पुस्तक उघडण्याआधी नावं पाठ कर. तुझ्या पटावर पावरा, वळवी, पाडवी, वसावे, तडवी अशी आडनावं पुन्हा पुन्हा येतील. आडनावानं हाक मारलीस तर चार माना वर होतील आणि ज्याला हाक मारली त्यालाही ती आपली वाटणार नाही. पहिल्या नावानं हाक मार, आणि त्याची आई जसं उच्चारते तसंच उच्चार. आपल्या जिभेला सोपं पडावं म्हणून नाव बदलू नकोस. टोपणनाव तर अजिबात देऊ नकोस. शिक्षकानं गमतीनं ठेवलेलं नाव गावात तोंडोतोंडी होतं आणि मूल मोठं झालं तरी सुटत नाही.

वाढदिवसांचंही जपून. परिपाठात वाढदिवस साजरा करायची पद्धत अनेक शाळांत आहे. चॉकलेट वाटायला कुणाच्या घरून येतं, कुणाच्या येत नाही. शिवाय जुन्या काळी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की 1 जून लिहून टाकायचे. तुझ्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी आईवडिलांची तारीख तीच असेल. ज्या घरात कुणाचा वाढदिवस कधी झालाच नाही, त्या घरातल्या मुलाला उभं करून टाळ्या वाजवल्या तर ते संकोचून जातं. करायचंच असेल तर महिन्यातून एक दिवस सगळ्यांचा मिळून कर, आणि गोड काय द्यायचं ते शाळेकडून दे.

आता चुकांबद्दल. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण शिक्षक आवडता होतो की नावडता, हे बहुतेक वेळा मूल चुकल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात ठरतं.

दुसरीतल्या मुलाला 'एकोणपन्नास' लिहायला सांगितलं की पुष्कळदा ते 59 लिहितं. लगेच "चूक" म्हणून मोकळी होऊ नकोस. त्यानं काय केलं बघ. 'एकोण' ऐकलं की शेवटी नऊ येतो, हे त्याला कळलं आहे. 'पन्नास' ऐकून त्यानं पाच मांडला. अर्धी वाट त्याची बरोबर आहे. पन्नासला एक कमी, एवढंच त्याला अजून लागलेलं नाही. 'चारशे सात' ऐकून 4007 लिहिणारं मूलही जे ऐकलं ते इमानानं लिहितं: चारशे, मग सात. आणि 52 मधून 27 वजा करून 35 लिहिणाऱ्या मुलानं दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घेतले. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम आपणच त्याला पहिलीत दिला होता. दशक सुट्टा करायची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. काड्यांचे गठ्ठे हातात दे, एक गठ्ठा सोडून दाखवायला सांग, पाच मिनिटांत त्याचं त्यालाच समजतं.

म्हणून उत्तर चुकलं की विचारायचं, "तू हे कसं काढलंस, मला सांग बरं." आवाजात संशय नको. बरोबर उत्तर देणाऱ्यालाही अधूनमधून हेच विचारत जा. नाहीतर मुलं हुशार असतात, हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं, असं लगेच ओळखतात. मूल आपला विचार सांगू लागलं की दोन गोष्टी होतात. तुला नेमकं कुठे अडलं ते दिसतं. आणि बाईंना आपल्या डोक्यात काय चाललंय ते ऐकावंसं वाटतं, हे त्याला कळतं. या दुसऱ्या गोष्टीसाठी मूल शिक्षकावर जीव टाकतं. ज्यांच्या हाती छडी नव्हती आणि गोड बोलणंही फारसं नव्हतं, अशा एका सरांच्या गणिताच्या तासाला आमच्या शाळेतली मुलं तापातही येऊन बसत. त्यांच्याकडे एवढाच गुण होता: ते मुलाचं उत्तर शेवटपर्यंत ऐकत.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिक. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांचा अभ्यास करून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं तुला वाटेल. वर्गासमोर उभी राहून बघ, किती लांब वाटतात ते. ज्या मुलाला मनात आधी स्वतःच्या बोलीत उत्तर जुळवून मग ते मराठीत आणावं लागतं, त्याच्यासाठी तर मी तीनचे पाच करीन.

बोलीचा मुद्दा तुझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे. तुझ्या वर्गातली मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना नवीन आहे. आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात मुलं अहिराणीत बोलायची. एखादं पोर "मन्ही वही घर ऱ्हाई गई" म्हणालं की काही शिक्षक "नीट बोल" म्हणून त्याला तिथंच गप्प करायचे. ते पोर नीटच बोलत होतं. आपल्या आईच्या भाषेत, एकही चूक न करता. त्याला "नीट बोल" म्हणणं म्हणजे त्याच्या आईलाच नीट बोलता येत नाही असं म्हणणं. तू उलट कर. पहिल्या महिन्यात मुलांकडून त्यांचे शब्द शिक. झाडांचे, भांड्यांचे, नात्यांचे, पावसाचे. वहीत लिहून घे, त्यांनाच तपासायला दे, चुकलं तर त्यांना दुरुस्त करू दे. बाई आपल्याकडून शिकते आहे, हे बघून मुलांचा चेहरा कसा फुलतो ते तुला दिसेल. त्याच शब्दांवरून मराठीकडे ने.

हे काही मी नवीन सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये ते वाढवलं. महागडी साधनं नव्हती. दगड, बिया, शिंपले, पानं, जे भोवती होतं त्यातून त्यांनी शिकवलं. मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येत नव्हती, तर शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरं राखण्यात कमीपणा आहे असं त्या मुलांना कधी ऐकवलं नाही. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मिळालं तर जाण्याआधी वाच.

छडीबद्दल आता सांगायची गरज उरलेली नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, आणि त्याच्या सतराव्या कलमानं मुलाला मारणं बंद केलं. त्याच कलमात मानसिक त्रास देण्यालाही मनाई आहे, हे मात्र बऱ्याच स्टाफरूममध्ये कुणाच्या ध्यानात नसतं. छडी गेली, पण टोमणे राहिले. "तुझ्या घराण्यात कोण शिकलंय?", "ऊसच तोडायचाय तुला", "बहीण बघ किती हुशार होती." अशी वाक्यं मी कानांनी ऐकली आहेत आणि ती ऐकून वही मिटून घेतलेली मुलं डोळ्यांनी पाहिली आहेत. छडीचा वळ दोन दिवसांत जातो. मुलाच्या घराबद्दल, आईबापाच्या कामाबद्दल, जातीबद्दल वर्गात एक शब्द काढायचा नाही. हा नियम तू स्वतःला घालून घे आणि दुसऱ्या शिक्षकानं मोडला तर मुलांसमोर नव्हे, पण स्टाफरूममध्ये स्पष्ट बोल. तू नवीन आहेस म्हणून गप्प बसू नकोस.

जातीचं निघालंच आहे, तर शाळेच्या नेहमीच्या कामांत ती कशी डोकावते ते सांगते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात. "अनुसूचित जातीची मुलं हात वर करा" असं सरळ वर्गात विचारलं जातं. माहिती जनरल रजिस्टरमध्ये असते. ती ऑफिसात बसून उतरवून घ्यावी, मुलाला उभं कशाला करायचं? गणवेशाचंही तसंच. कितीतरी वर्षं समग्र शिक्षातून गणवेश मिळत ते सगळ्या मुलींना आणि मुलांपैकी अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्यांना. बाकीची मुलं बघत राहायची आणि घेणाऱ्यांनाही खाली मान घालून घ्यावं लागायचं. पुढे राज्यानं सगळ्यांना द्यायचं ठरवलं ते बरं केलं. पण अशा याद्यांची कामं पुढेही येतच राहतील. जे द्यायचं ते पालकांना बोलावून दे. वर्गात यादी वाचायची नाही. फोटो काढायचा वरून आदेश आला तर सगळ्या वर्गाचा एक काढ.

मग कामं. फळा कोण पुसतं, वर्ग कोण झाडतं, बाईंसाठी पाणी कोण आणतं? एक महिना नुसतं बघ. झाडू बहुतेक मुलींच्या हाती असतो. पाण्याचा तांब्या ठरावीक घरच्या मुलाच्याच हाती असतो. मॉनिटर वर्षानुवर्षं तोच, सरपंचाचा नाहीतर शिक्षकाचा मुलगा. हे कुणी मुद्दाम ठरवत नाही, पडत गेलेलं असतं. पण मुलं सगळं टिपतात. आठवड्याची पाळी लाव, कागदावर लिहून भिंतीला चिकटव, आणि स्वतःचं पाणी कुठल्याही मुलाच्या हातून घे. मुलांना लाड चालतात, कडकपणाही चालतो, भेदभाव मात्र खपत नाही. 'बाईंचा लाडका' असा एक जरी वर्गात तयार झाला, तर बाकीची सगळी तुझ्यापासून दूर गेली म्हणून समज. त्या लाडक्यालाही मग मधल्या सुट्टीत सोबती उरत नाही.

घटक चाचणीचे पेपर वाटताना गुण मोठ्यानं वाचायचे नाहीत. सगळ्यात जास्त ते सगळ्यात कमी अशा क्रमानं पेपर वाटणारे शिक्षक मला कधीच पटले नाहीत. पेपर पालथा ठेवून हातात दे. वह्या ढिगानं परत करू नकोस, एकेकाला जवळ बोलावून दे आणि एक वाक्य बोल, त्याच्याच वहीबद्दलचं. "छान" हा शेरा कमी वापर. "तिसऱ्या ओळीतलं वासराचं वर्णन वाचून मला ते दिसलं" असं काही लिही. पटसंख्या मोठी असली तर रोज पाच-सहा वह्याच नीट बघ, पण नीट बघ. न वाचता मारलेली बरोबरची खूण मुलं ओळखतात.

गप्प बसणाऱ्या मुलांचा विसर पडू देऊ नकोस. वर्गात दंगा करणारी आणि भराभर उत्तरं देणारी, या दोघांतच शिक्षकाचा दिवस जातो. संध्याकाळी हजेरीपुस्तक उघडून बघ, आज कुणाशी आपण एक शब्दही बोललो नाही. त्या नावांपुढे पेन्सिलीनं टिंब कर. दुसऱ्या दिवशी सुरुवात त्यांच्यापासून.

आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते ओरडत नसत. मुलं शाळेत गेली की स्वतः अंथरुणं घडी करून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं रोज एक दैनिक लिहून काढत. सांगायचं असेल ते त्यात येई. कुणा एकाला सगळ्यांदेखत उभं करून बोलावं लागत नसे. 1930 मध्ये ते स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले, म्हणजे शिक्षक म्हणून ते इथं फक्त सहा वर्षं होते. तरी अमळनेरात त्यांचं नाव अजून घरातल्या माणसासारखं घेतात. तू कंदील पुसत बसावंस असं माझं म्हणणं नाही. मुलाला न दुखवता त्याची चूक त्याला दाखवायचे हजार मार्ग असतात आणि ते शोधणं हे आपलं काम आहे, एवढं त्यातून घे.

यावरून मऊपणाच करायचा असा अर्थ घेऊ नकोस. मुलांना ढिला वर्ग आवडत नाही. ज्या वर्गात दोन दांडगी मुलं बाकीच्यांना छळतात आणि बाई हसून सोडून देते, ती बाई मुलांना पहिल्या आठवड्यात आवडते, दुसऱ्यात नाही. दुबळ्या मुलाची अब्रू दांडग्या मुलापासूनही सांभाळायची असते. नियम तीनच ठेव, पण रोज तेच ठेव. सोमवारी चालतं आणि गुरुवारी चालत नाही, असं होऊ देऊ नकोस. कुणाला रागवायचं असेल तर बाजूला घेऊन, हळू आवाजात, आणि जे केलं त्याबद्दल. दुसऱ्या दिवशी त्या मुलाशी आधीसारखंच बोल. कालचं आजवर आणायचं नाही.

शब्द दिला असेल तर पाळ. "उद्या गोष्ट पूर्ण करते" म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख आले, माहिती भरायची निघाली, तरी शाळा सुटताना पाच मिनिटं काढून गोष्ट पूर्ण कर. पाठाची तयारी करून जा. टाचण तपासणीसाठी लिहिलेलं वेगळं आणि आपण खरंच विचार करून गेलेलं वेगळं. मुलांना फरक कळतो. एखादा प्रश्न येत नसेल तर "मला माहीत नाही, बघून सांगते" असं सरळ म्हण, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं सांग. तू असं म्हणालीस की न येणं ही लाजेची गोष्ट नाही, हे वर्गाला आपोआप कळतं.

तुझ्या भागात आणखी एक गोष्ट होईल. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलंही बरोबर जातात. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा अनेक जण परत येतात. मूल वर्गात आलं की "इतके दिवस कुठे होतास?" हा प्रश्न विचारू नकोस. कुठे होतं ते तुला माहीत आहे, आणि जाणं त्याच्या हातात नव्हतं. त्याची जागा, त्याची वही, पाळीच्या कागदावरचं त्याचं नाव तसंच ठेव. "ये, बस, आपण इथवर आलो आहोत" एवढं बोल आणि त्याला जे येतं तिथून पुढे घे. मागे पडलं म्हणून लहान मुलांच्या रांगेत बसवू नकोस. अशी मुलं पहिल्या आठवड्यात नीट सामावली गेली नाहीत तर पुढच्या वर्षी येतच नाहीत.

शेवटचं पालकांविषयी. पाड्यावर जायचं ते पहिल्यांदा तक्रार घेऊन जायचं नाही. शिक्षक दारात आला म्हणजे पोरानं काहीतरी केलं, असंच आईबापांना वाटतं आणि मूल मागच्या मागे पळतं. पहिल्या भेटीत मुलाबद्दल एक खरी चांगली गोष्ट सांग, त्याच्यादेखत, त्याच्या आजीआजोबांदेखत. तू खरंच पाहिलेली असावी, बनवलेली नको. चहा दिला तर घे, खाटेवर बस म्हणाले तर बस, घरात काय आहे नि काय नाही याकडे बघू नकोस. त्यानंतर वर्षभरात कधी कठीण बोलावं लागलं तर ते घर तुझं ऐकेल. आणि हे काम पुढे ढकलू नकोस. पावसाचा जोर वाढला की सातपुड्यातल्या पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा बंद होतात, म्हणून शाळा उघडल्यापासून जून संपायच्या आत जितकी घरं होतील तितकी करून घे.